विहाराची बाग दाटली, आता काय करावे?

सोयगावच्या आमच्या वस्तीतील विहारात उद्घाटनाच्या दिवशीचा एक फोटो भिंतीवर लावलेला आहे. 2018 सालच्या अशोक विजयादशमीचा. त्या फोटोत परमपूज्य बाबासाहेबांचा पुतळा डोक्यापासून पायापर्यंत स्वच्छ दिसतो. मागे विहाराच्या चारही खिडक्या दिसतात आणि पुढे ओळीने लावलेली वीतभर, हातभर रोपे दिसतात. लेकरांच्या गुडघ्यालाही ती लागत नाहीत. त्या दिवशी आम्हीच म्हटले होते, जागा फार मोकळी वाटते, अजून पन्नास रोपे आणा. आणली आणि मधल्या जागेत खोचली.

2023 च्या 14 एप्रिलला सकाळी हार घालावयास शिडी आणली, तर ती टेकवावयास जागा नव्हती. बोगनवेल चौथऱ्यावर चढून बसली होती. बाबासाहेबांचा उंचावलेला हात पानांत गेला होता. हार घालणाऱ्या मुलाचा नवा पांढरा शर्ट काट्याने फाटला आणि त्याची आई आमच्याकडे पाहू लागली. त्याच आठवड्यात अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलींनी तक्रार केली की खिडकीजवळ बसूनही दिवसा दिवा लावावा लागतो. पुढे जून महिन्यात मेंदीच्या कुंपणातून घोणस निघाली. ती कोणाला चावली नाही, पण ज्या ठिकाणी लेकरे चप्पल काढतात तेथून ती चार हातांवर होती.

तेव्हा आम्ही एका रविवारी वंदनेनंतर बसलो. बागेची निगा आम्ही महिला मंडळाकडून करतो, म्हणून पहिला दोष आमचाच होता. झाड लावण्याचा कार्यक्रम करतो, त्याचा फोटो काढतो. ते वाढल्यावर काय, याचा कार्यक्रम कोणी करीत नाही. बऱ्याच गावांतील विहारांत, आणि घराच्या पडवीपुढच्या चार हात जागेतही, हीच गत पाहावयास मिळते. म्हणून आमचा अनुभव येथे लिहितो.

रोप घेताना ते पिशवीत असते. पिशवी सहा इंचांची, म्हणून आपण खड्डेही दीड-दीड फुटांवर घेतो. रोप विकणाऱ्याने आम्हाला सांगितले होते की हे बुटकेच राहते. बुटके म्हणजे किती, हे आम्ही विचारले नाही. जास्वंद जमिनीत लागली की सहा-सात फूट उंच आणि तितकीच रुंद होते. कण्हेर त्याहून मोठी. तगर कातरली नाही तर माणसाच्या डोक्यावर जाते. पांढरा चाफा तर चांगले झाडच होतो. या चौघांना आम्ही दोन-दोन फुटांवर उभे केले होते. पहिली दोन वर्षे शोभा आली, तिसऱ्या वर्षी एकमेकांत फांद्या गेल्या आणि पाचव्या वर्षी आतल्या बाजूची पाने गळून नुसत्या काड्या राहिल्या. फूल यावयाचे ते टोकाला, हात पोचणार नाही तेथे. वंदनेला फुले बाजारातून आणावी लागत होती आणि दारात बाग होती!

दाटीमुळे रोगही येतो. हवा खेळत नाही, ओल राहते. जास्वंदीवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण बसला होता, त्यावर मुंग्या, आणि खालच्या पानांवर काळी काजळी. गुलाबावर भुरी. औषध फवारण्याचा सल्ला पुष्कळांनी दिला. पण आम्ही किडलेल्या फांद्या कापून जाळल्या, दाटी मोडली आणि उरलेल्यावर साबणाच्या पाण्याचा फवारा आठ-आठ दिवसांनी तीनदा मारला. तेवढ्यावर भागले.

पाण्याचा हिशेब तर सांगावयास नकोच. सोयगाव अजिंठ्याच्या डोंगराखालचा भाग. मे महिन्यात ऊन असे की लोखंडी फाटकाला हात लावता येत नाही. अशा दिवसांत शंभर रोपांना पाणी कोठून आणावयाचे? सर्वांना थोडे थोडे घालून सर्वांनाच अर्धमेले ठेवण्यापेक्षा चाळीस झाडे पोटभर प्यालेली बरी, हे आम्हाला उशिरा कळले.

आता प्रत्यक्ष काय केले ते सांगतो. प्रथम कोयता हातात घेतला नाही. चुन्याची डबी घेतली. जे झाड कायम राहावयाचे त्याच्या बुंध्यावर पांढरा ठिपका, जे हलवावयाचे त्याला सुतळी, आणि जे काढावयाचे त्याला काहीच नाही. एक महिना तसेच ठेवले. येता जाता लोक पाहत होते, भांडत होते. कोणी रात्री येऊन आपल्या आवडत्या झाडाला ठिपका लावून गेले, त्याचाही राग मानला नाही. महिनाभरात आमचेही मत दोन-तीन झाडांबाबत बदलले. घाईने कापलेले झाड परत जोडता येत नाही, म्हणून हा महिना फुकट गेला असे समजू नये.

पहिला प्रश्न खिडक्यांपुढच्या अशोकाचा. बारा झाडे, तीन-तीन फुटांवर, भिंतीला समांतर. हे झाड लावताना सगळ्यांना सम्राट अशोकाची आठवण झाली होती. खरे म्हणजे हा सरळसोट उंच वाढणारा खोटा अशोक. खरा तो सीता-अशोक, ज्याला केशरी-तांबडे फुलांचे झुबके येतात. पण नावाचा मोह मोठा असतो. पाच वर्षांत त्यांची हिरवी भिंत झाली आणि अभ्यासिका अंधारात गेली. अशोकाचे मूळ खोल जाते, मोठे झाड हलवून जगत नाही असे म्हटले तरी चालेल. म्हणून एकाआड एक काढावयाचे ठरले. सोयगावला नगरपंचायत आहे. शहरी भागातील झाडांसाठी महाराष्ट्रात 1975 सालचा कायदा आहे आणि परवानगीशिवाय झाड तोडणे गुन्हा आहे. आपल्या विहाराचे झाड, आपणच लावलेले, मग कोणाला कशाला विचारावयाचे, असे काही तरुण म्हणाले. आम्ही त्यांना सांगितले की कायदा लिहिणाऱ्याची आपण लेकरे, आपण तरी अर्ज देऊन काम करू. लेखी अर्ज दिला, किती झाडे, कोणती, का, हे लिहिले. परवानगी मिळाल्यावर सहा झाडे काढली. उरलेल्या सहांच्या खालच्या फांद्या खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत काढून घेतल्या. त्या दिवशी दुपारी मुली आत बसल्या तेव्हा भिंतीवरील बावीस प्रतिज्ञांचा फलक दिवा न लावता वाचता येत होता.

मेंदीचे कुंपण आम्ही छातीइतके वाढू दिले होते. ते गुडघ्याच्या वरपर्यंत आणले, आणि मुळाजवळची वीतभर जागा झाडून मोकळी केली, म्हणजे खाली काय आहे ते दिसते. पालापाचोळा तेथे साठू द्यावयाचा नाही. एवढे केल्यावर पुन्हा साप दिसला नाही.

फुलझाडांच्या छाटणीचा काळ प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तेथेच चूक होते. मोगऱ्याचे पाणी डिसेंबरात तोडावे, जानेवारीत निम्म्यापर्यंत छाटावे, मग खत-पाणी सुरू करावे, म्हणजे उन्हाळ्यात कळ्यांनी भरतो. आमच्यापैकी एकीने तो मार्चमध्ये कळ्यांवर असताना छाटला होता, त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला एक गजरा झाला नाही. गुलाब पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये. जास्वंद पावसाच्या तोंडावर. चाफ्याची पाने थंडीत गळतात, तेव्हा त्याच्या जादा फांद्या काढाव्यात. त्या फेकू नयेत. आठ दिवस सावलीत वाळवून चीक सुकू द्यावा आणि मग लावाव्यात, बहुतेक जगतात. बोगनवेल नव्या फुटीवर फुलते, म्हणून एक बहर संपला की ती निर्धास्त कापावी, आणि पाणी कमी द्यावे. जास्त पाण्याने तिला नुसती पाने येतात. आमची वेल आम्ही पुतळ्याच्या चौथऱ्यावरून काढून फाटकाच्या कमानीवर नेली. खोड जाड झाले होते, तिला मुळासकट हलविता आले नाही. तिच्या फांद्या कलमाला लावल्या आणि जुने खोड काढून टाकले. आता पुतळ्याभोवती पाच हात फक्त हिरवळ आणि बुटकी लिली आहे. त्या जागी यापुढे काही उंच लावावयाचे नाही, असा ठरावच विहाराच्या वहीत लिहून ठेवला आहे.

कण्हेरीबद्दल एक सावधगिरी. तिचे पान, फूल, काडी सगळे विषारी असते. छाटलेल्या फांद्या शेळ्यांपुढे पडू देऊ नयेत, चुलीत घालू नयेत, आणि कापल्यावर हात साबणाने धुवावेत. आमच्या वस्तीत शेळ्या घरोघर आहेत, म्हणून कण्हेर छाटण्याच्या दिवशी एक मुलगा नुसता राखणीला बसविला होता.

सुतळी बांधलेली रोपे पावसाळ्यात घरोघर वाटली. तगर, एक्झोरा, लहान जास्वंद. संध्याकाळी, ढगाळ हवेत, मुळांना मातीचा गड्डा ठेवून काढावयाचे, ओल्या गोणपाटात बांधावयाचे, वरचा तिसरा हिस्सा छाटावयाचा आणि त्याच रात्री लावावयाचे. आमच्या काळ्या मातीत हे काम वाफसा आल्यावरच करावे. चिखलात गड्डा हाताला चिकटतो आणि सुकल्यावर तडे जाऊन फुटतो. अठ्ठावीस रोपे दिली, त्यांतील एकवीस जगली. एका आजीने तगर संडासाच्या भिंतीला टेकून लावली आहे, ती तीन वर्षांनी पुन्हा हाच प्रश्न घेऊन येईल. पण त्यांना कोण सांगणार!

येथपर्यंतचे काम हाताचे होते. पुढचे मनाचे.

विहाराच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर पिंपळ होता. आपला बोधिवृक्ष. तो उद्घाटनाच्या वेळचा नव्हे. 2021 च्या एप्रिल-मे मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वस्तीतील तीन माणसे गेली. त्यांच्या अंत्यविधीला चार माणसेही जाऊ शकली नव्हती. त्या वर्षी आषाढी पौर्णिमेला, वर्षावासाच्या आरंभी, त्या तिघांच्या नावाने हा पिंपळ लावला. कोठे लावावयाचा हे त्या दिवशी कोणी मोजून पाहिले नाही. मन मोजण्याच्या स्थितीत नव्हते. सावली भिंतीवर पडावी, वंदनेला बसलेल्यांना पानांचा आवाज यावा, एवढेच पाहिले. दोन वर्षांत तो दहा फुटांवर गेला.

पूर्ण वाढलेला पिंपळ साठ-सत्तर फूट उंच सहज होतो. मुळे फांद्यांच्या घेराबाहेर जातात. जुन्या किल्ल्यांच्या बुरुजांत पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी कसे दगड उलथविते, हे ज्याने पाहिले आहे त्याला साडेचार फुटांचा अर्थ सांगावा लागत नाही. त्यातच 2023 च्या उन्हाळ्यात खिडकीखाली जोत्यापासून एक भेग वर आली. झाले, पिंपळाने भिंत फोडली अशी हाकाटी सुरू झाली. वस्तीतील एका गवंडीकाम करणाऱ्या भावाने मात्र घाई केली नाही. त्याने भेगेवर दोन ठिकाणी सिमेंटची पट्टी मारली आणि त्यावर तारीख लिहिली. पाऊस पडला तशी भेग आपोआप बारीक झाली. त्याने सांगितले, ही काळ्या मातीची करणी आहे. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, आणि पाया मुरमापर्यंत गेलेला नसला की भिंत तिच्याबरोबर हलते. मात्र, तो म्हणाला, झाड मोठे झाले की उन्हाळ्यात पायाखालची ओल तेच पिऊन टाकील, म्हणजे आज दोष मातीचा असला तरी उद्या झाडाचा होईल. हे बोलणे आम्हाला न्यायाचे वाटले. झाडावर खोटा आळ आला नाही आणि धोकाही लपला नाही.

तोडावे असे म्हणणारे दोघे-तिघेच होते. तसाच राहू द्यावा म्हणणारे पुष्कळ. ज्या तिघांच्या नावाने झाड, त्यांतील एकाची आई सभेत उभी राहून म्हणाली, "माझ्या लेकाला मी शेवटचे पाहिले नाही. या झाडाला मी रोज पाहते. याला हात लावू नका." यावर कोण काय बोलणार? सभा तशीच उठली.

पुढे दोन महिने हाच विषय होता. कोणी म्हणाले, बौद्धाने झाड कापणे हे शीलाविरुद्ध आहे. हे तपासून पाहावे म्हणून आम्ही विचारपूस केली. भिक्खूंच्या पातिमोक्खात पाचित्तिय नियमांमध्ये वनस्पती तोडण्यास मनाई आहे, हे खरे. पण तो नियम भिक्खूंसाठी. उलट विनयात आरामिकांचा उल्लेख येतो, म्हणजे विहाराच्या बागेची व जागेची कामे करणारी माणसे. बिंबिसार राजाने पिलिंदवच्छ थेरांना असे आरामिक दिले, अशी कथा महावग्गात आहे. आराम या शब्दाचा अर्थच मुळी बाग असा आहे. वेळुवन, जेतवन ही नावे वनांची आहेत. बागेला राखणारा लागतो, हे त्या काळीही ठाऊक होते. आणि राखणे म्हणजे नुसते पाणी घालणे नव्हे.

तोडग्याची वाट मात्र आमच्या धम्म वर्गातील एका मुलीने दाखविली. ती म्हणाली, बोधिवृक्ष तर नेहमी हलविलेलाच आहे. संघमित्रा थेरीने बुद्धगयेच्या झाडाची फांदी समुद्रापलीकडे अनुराधापूरला नेली. बुद्धगयेचे जुने झाड 1876 च्या वादळात पडले, तेव्हा कनिंगहॅमने 1881 साली तेथे नवे रोप लावले, तेच आज तेथे उभे आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतून आणलेल्या फांद्यांचा. आणि बुद्धगयेच्या झाडाच्या फांद्यांना आजही लोखंडी टेकू आहेत, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेचे लोक येऊन त्याची तपासणी करतात. मग आपला पिंपळ चाळीस फूट हलविला तर काय होते?

ती आई बराच वेळ गप्प बसली. मग तिने एवढेच विचारले, "जगेल का?" आम्ही खोटे सांगितले नाही. म्हटले, बहुतेक जगेल, पण हमी नाही. हमी म्हणून तिच्यासमोर दोन फांद्यांची गुट्टी कलमे बांधली, साल अंगठीसारखी काढून, ओले शेवाळ लावून, वर प्लास्टिक. पावसाळ्यात पिंपळाच्या गुट्टीला मुळे फुटतात. त्यांतील एक धरले, ते तिच्या दारात डब्यात आहे. त्यानंतर तिने होकार दिला.

नगरपंचायतीला पुन्हा अर्ज दिला, या वेळी तोडण्याचा नव्हे, हलविण्याचा. 2023 च्या नोव्हेंबरात झाडाच्या अर्ध्या बाजूने, बुंध्यापासून दीड फुटावर, दोन फूट खोल चर खणला. मुळे धारदार कोयत्याने साफ कापली आणि चरात शेणखत मिसळलेली माती भरली. 2024 च्या फेब्रुवारीत पानगळ झाल्यावर दुसरी बाजू तशीच केली. असे केल्याने कापलेल्या मुळांना त्या भुसभुशीत मातीत तंतुमुळे फुटतात आणि झाड हलविताना ती बरोबर येतात. उन्हाळाभर आठवड्याला चार घागरी पाणी. पाण्याची पाळी ठरविली होती, पण ती आई कोणाची पाळी येऊ देत नव्हती.

जुलैत दोन पाऊस झाले, वाफसा आला. नवा खड्डा विहाराच्या जागेच्या उत्तर टोकाला, भिंतीपासून चाळीस फुटांवर, आधीच खणून ठेवला होता. वर विजेच्या तारा नाहीत, खाली नळ नाही, हे पाहून घेतले. आदल्या दिवशी बुंध्यावर उत्तरेच्या बाजूला खडूने खूण केली, म्हणजे नव्या जागी तीच बाजू उत्तरेला येईल. निम्म्या फांद्या आणि बहुतेक पाने काढली. रविवारी सकाळी सहाला काम सुरू झाले. गड्ड्याभोवती गोणपाट आणि सुतळी आवळली, खालून पहारीने मुळे सोडविली. तो गड्डा निदान सहा क्विंटलचा असावा. खड्ड्याची एक बाजू उतरती केली, खाली जुना पत्रा सरकविला, आणि चौदा जणांनी दोरांनी ओढला. ओल्या गवतावर पत्रा घसरतो, पण मध्ये दोनदा दोर तुटला आणि एकदा एका मुलाचा पाय पत्र्याने कापला. त्याला धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. हे काम करणाऱ्यांनी बूट घालावेत, आम्ही चपलांवर केले. साडेदहाला झाड नव्या जागी उभे राहिले. तीन बाजूंनी बांबूचे टेकू, बुंध्याला जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे, म्हणजे साल सोलत नाही. आळ्यात काडीकचरा पसरून पाणी. मग तेथेच उभे राहून त्रिसरण-पंचशील घेतले.

दहा दिवसांत उरलेली पानेही गळाली. झाड नुसत्या काठीसारखे उभे. लोक येताना जाताना पाहत आणि काही बोलत नसत, तेच जास्त टोचे. अशा वेळी नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर जीव आहे, तपकिरी दिसले तर फांदी मेली, ती खाली हिरव्यापर्यंत कापावी. वरच्या दोन फांद्या मेल्या होत्या, त्या कापल्या. खोड हिरवे होते. त्या दिवसांत पाण्याचा अतिरेक होऊ न देणे हेच कठीण गेले. जो येई तो तांब्याभर घालून जाई.

श्रावणी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात सकाळी ती आई आमच्या दारात आली. तिने काही सांगितले नाही, हात धरून नेले. बुंध्याच्या मध्यावर तांबूस, बोटाच्या पेराएवढी, मिटलेली तीन पाने होती.

आता झाड पहिल्यासारखे भरले आहे. भिंतीच्या भेगेसाठी पावसाचे पाणी जोत्यापासून लांब नेणारी फरशी बसवावयाची आहे, त्यासाठी वर्गणी चालू आहे. जुन्या खड्ड्याच्या जागी काय करावे, यावर मात्र एकमत नाही. महिला मंडळ म्हणते मोगरा लावू. अभ्यासिकेतील मुले म्हणतात, काही लावू नका, सायकली ठेवावयास जागा द्या. पुढच्या रविवारच्या सभेत तो विषय आहे.